पहिल्या पिढीचा घडीचा फोन घ्यावा का: तपासणी-पत्रकाच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवू. २०१९ आणि २०२० मध्ये बाजारात आलेले पहिल्या पिढीचे घडीचे फोन आता वापरलेल्या मालात मूळ किमतीच्या मानाने फारच स्वस्त मिळतात, आणि ‘घ्यावा का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी एकपानी तपासणी-पत्रक तयार करायचं आहे. फोन हातात आल्यापासून पाऊण तासात घ्यायचा की परत करायचा ते ठरलं पाहिजे, आणि त्यासाठी फोन खोलावा लागता कामा नये. (या नोंदींत ‘उघडणे’ म्हणजे घडी उघडणे आणि ‘खोलणे’ म्हणजे स्क्रू काढणे. दोन्हींची गल्लत नको.)

यादीत पाच फोन घेतले:
रोयोल फ्लेक्सपाय: ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस जाहीर, ७.८ इंच, बाहेरच्या बाजूला घडी.
सॅमसंग गॅलेक्सी फोल्ड: २० फेब्रुवारी २०१९ ला जाहीर, विक्री सप्टेंबर २०१९ पासून, आत ७.३ इंच, बाहेर ४.६ इंच.
हुआवे मेट एक्स: २४ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर, चीनमध्ये विक्री १५ नोव्हेंबर २०१९ पासून, ८ इंच, बाहेरच्या बाजूला घडी.
मोटोरोला रेझर: १३ नोव्हेंबर २०१९ ला जाहीर, विक्री ६ फेब्रुवारी २०२० पासून, ६.२ इंच, आडवी घडी.
सॅमसंग गॅलेक्सी झेड फ्लिप: ११ फेब्रुवारी २०२० ला जाहीर, तीनच दिवसांनी विक्रीला, ६.७ इंच, आडवी घडी.

गुणांची पहिली वाटणी: बिजागरी ३०, स्क्रीन ३०, बॅटरी १५, सॉफ्टवेअर १५, इतर १०. ही वाटणी तात्पुरती आहे.

४ नोव्हेंबर

फ्लेक्सपाय यादीतून काढला. घडी घातल्यावरही दोन भागांमध्ये मोठी पोकळी राहते, वजन ३२० ग्रॅम, आणि बनवणारी कंपनीच २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुटे भाग आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडून रस्ता बंद. संग्रहात ठेवायला हरकत नाही, पण आपलं पत्रक संग्राहकांसाठी नाही.

७ नोव्हेंबर

घड्यांच्या आकड्यावर आज पूर्ण दिवस गेला. गॅलेक्सी फोल्डसाठी जाहीर केलेला आकडा २ लाख घड्यांचा. दिवसाला १०० वेळा उघडला-मिटला तर २,००० दिवस, म्हणजे जवळपास साडेपाच वर्षं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सीनेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने घड्या घालणाऱ्या यंत्रावर लावलेला फोल्ड सुमारे १ लाख २० हजार घड्यांनंतर बंद पडला, म्हणजे त्याच हिशोबाने सव्वातीन वर्षं. रेझरवरची तशीच चाचणी सुमारे २७ हजारांवर थांबली, कारण तोवर बिजागरी नीट मिटेनाशी झाली होती. त्या यंत्रामुळे बिजागरीवर नको तो जोर येतो, असा आक्षेप कंपनीने घेतला होता. हा आक्षेप नोंदवून ठेवायला हवा, कारण घडी घालायला कुठे आणि किती जोर लावला यावर निकाल खरोखरच बदलतो.

मात्र या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट सुटते. यंत्र स्वच्छ हवेत, एकाच वेगाने आणि एकाच जागी जोर देऊन घडी घालतं. खिशातला कापसाचा तंतू, वाळूचा कण, अंगठ्याचं नख, थंडीत कडक झालेलं प्लॅस्टिक यातलं काहीच तिथे नसतं. एप्रिल २०१९ मध्ये समीक्षकांना दिलेले फोल्ड बिघडले ते काही दिवसांतच. २ लाखांच्या जवळपासही कुणी पोहोचलं नव्हतं. तिथे बिघाडाच्या तऱ्हा तीन दिसल्या. काहींनी वरची संरक्षक फिल्म पाठवणीतली समजून सोलली आणि स्क्रीन मेली. एकात बिजागरीच्या फटीतून कचरा आत जाऊन स्क्रीनला खालून उंचवटा आला. एकात कुणी काही सोललेलं नसतानाही अर्धी स्क्रीन लुकलुकू लागली. बिजागरीचा लोखंडी भाग झिजून यातली एकही तऱ्हा घडलेली नाही.

म्हणून वाटणी बदलायला हवी. बिजागरीचे ३० गुण फार झाले. कडा, फटी आणि थर यांना वेगळा रकाना हवा.

८ नोव्हेंबर

स्क्रीन का वाकते आणि का मरते, याचा हिशोब पत्रकाच्या मागच्या बाजूला छापायचा ठरलं. तपासणाऱ्याला कारण कळलं तर नजर बरोबर जागी जाते.

वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या पृष्ठावर येणारा ताण साधारण जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. आतल्या घडीच्या फोनमध्ये त्रिज्या सुमारे १.५ मिमी धरली तर अर्ध्या मिमी जाडीच्या साध्या काचेवर ०.५ ÷ ३ = जवळजवळ १७ टक्के ताण येतो. इतका ताण काच कधीच सोसत नाही. झेड फ्लिपमधली काच ३० मायक्रोमीटर, म्हणजे ०.०३ मिमी. ०.०३ ÷ ३ = १ टक्का. रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेली काच हा ताण पुन्हा पुन्हा सोसू शकते. फोल्ड, मेट एक्स आणि रेझर यांच्यात काचच नाही, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा थर आहे.

आता खरी मेख. स्क्रीन हा एकच थर नसतो. वरची फिल्म, काच किंवा पॉलिइमाइड (एक प्लॅस्टिक), टचचा थर, ओलेड (प्रकाश देऊन चित्र दाखवणारा थर), आधाराचा पत्रा, आणि या सगळ्यांच्या मध्ये मऊ चिकट थर. घडी पडताना हे थर एकमेकांवरून किंचित सरकतात, वहीची पानं वाकवल्यावर कड तिरकी होते तसे. मधला एक थर असा असतो की त्यावर ताणही नाही आणि दाबही नाही, आणि रचना करणारे ओलेड शक्यतो तिथेच बसवतात. वरची फिल्म उपटली किंवा वर आणखी एक जाड फिल्म डकवली की हा मधला थर जागचा हलतो आणि ओलेडवर ताण येतो. एप्रिल २०१९ मध्ये फिल्म सोललेले फोल्ड का मेले, याचं एक कारण हे असू शकतं. बाहेरून घेतलेली ०.२ मिमीची स्क्रीन-गार्ड फिल्म घडीवर लावलेली असेल तर तो संरक्षण म्हणून नव्हे, दोष म्हणूनच धरायचा.

मेट एक्समध्ये घडी बाहेरच्या बाजूला, मिटल्यावर जाडी ११ मिमी. त्यामुळे त्रिज्या मोठी, ताण कमी आणि घडीची रेषाही सौम्य. बदल्यात प्लॅस्टिकचा थर खिशात, टेबलावर, किल्ल्यांजवळ कायम उघडा. या फोनसाठी ओरखड्यांचा वेगळा रकाना करायचा.

१२ नोव्हेंबर

गॅलेक्सी फोल्ड ओळखण्याच्या खुणा. एप्रिलचे नमुने कंपनीने परत मागवले होते. सप्टेंबरमध्ये विकलेल्या फोनमध्ये चार बदल होते: संरक्षक फिल्म चौकटीच्या खाली नेली, बिजागरीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला टोप्या बसवल्या, स्क्रीनखाली धातूचे जादा थर दिले, आणि बिजागरी व अंग यांमधली फट कमी केली. पाहायची खूण: फोन उघडा ठेवून घडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला भिंगातून पाहा. इंग्रजी ‘टी’ आकाराची छोटी टोपी दोन्हीकडे दिसली पाहिजे. एकही गायब असेल तर पुढे तपासू नका. सप्टेंबरच्या फोल्डमध्ये फिल्मची मोकळी कड नखाला लागत असेल तर ती फिल्म कधीतरी उचकटली किंवा बदलली गेली आहे.

१७ नोव्हेंबर

स्क्रीन बंद ठेवून पाहण्याची कृती पक्की केली. साहित्य: एक टॉर्च, १० पट भिंग, मऊ ब्रश, मायक्रोफायबर कापड.

फोन पूर्ण उघडून सपाट ठेवायचा. टॉर्च टेबलाच्या पातळीवर, स्क्रीनपासून साधारण ३० सेंमी अंतरावर, आधी घडीला काटकोनात आणि मग घडीच्या दिशेने. काटकोनात घडीची रेषा ठळक दिसते, आणि ती दिसणं हा दोष नव्हे. रेषा सगळीकडे सारखी खोल असली पाहिजे. एका टोकाला जास्त खोल किंवा वाकडी असेल तर दोन भाग एका रेषेत मिटत नाहीत. घडीच्या दिशेने प्रकाश टाकला की फुगे दिसतात. फिल्म आणि खालच्या थरात हवा शिरली की घडीवर लांबट, चंदेरी पट्टा उठतो.

हा पट्टा कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. झेड फ्लिपवर फक्त वरची फिल्म सुटली असेल तर खाली काच आहे, आणि फिल्म बदलता येते. फोल्ड आणि रेझरमध्ये तसं धरून चालू नका. तिथे फुगा म्हणजे स्क्रीनच्याच थरांची ताटातूट असू शकते. बोटाच्या गाठीने (नखाने नव्हे) हलकेच दाबून पाहायचं. फुगा हलला तर वरचा थर सुटला आहे. हलत नसेल आणि दाबल्यावर रंग बदलत असेल तर दोष खोल आहे, तो फोन घ्यायचा नाही.

रेझरच्या मालकांना कंपनीनेच सांगितलं होतं की स्क्रीनवर उंचवटे-खळगे असणं सामान्य आहे. रेझरमध्ये मिटताना स्क्रीन थेंबाच्या आकारात आत वळते, तिला मागून घट्ट आधार नसतो, त्यामुळे थोडी लाट दिसणारच. पण बोट फिरवताना टोचणारा, एकाच जागचा, टोकदार उंचवटा सामान्य नाही. तो कण असतो.

१९ नोव्हेंबर

क्रमात चूक सापडली. पत्रकाच्या पहिल्या आवृत्तीत ‘३० वेळा घडी घाला’ ही पायरी पहिली होती. आतल्या घडीच्या एका नमुन्यात बिजागरीच्या टोकाला अडकलेला धुळीचा गोळा या तीस घड्यांत आत ढकलला गेला. आधी बाहेर दिसत होता, नंतर दिसेना, आणि मिटताना कुरकुर आवाज सुरू झाला. म्हणजे आपणच फोन बिघडवला आणि पुरावाही घालवला.

नवा क्रम: आधी नजर, मग ब्रश, मग आवाज, मग टच, आणि शेवटी घड्या. ब्रश करताना फोन अर्धा उघडा धरायचा आणि केस घडीपासून बाहेरच्या दिशेने फिरवायचे. दाबाच्या हवेचा डबा वापरायचा नाही. हवा कण बाहेर काढण्याऐवजी फटीतून आत घालते. झेड फ्लिपच्या बिजागरीत आत नायलॉनचे तंतू बसवलेले आहेत, ते कचरा झाडण्यासाठीच. ते दिसले तर कापूस समजून चिमट्याने ओढू नका.

२० नोव्हेंबर

आवाजाची कसोटी. शांत खोलीत, बिजागरी कानापासून १० सेंमीवर, पाच सेकंदांत एकदा सावकाश उघडायची. फोल्डची बिजागरी शेवटी खटकन बसते, ते ठीक. रेझरमध्ये कुरकुर ऐकू येते, स्क्रीन आत सरकताना घासते म्हणून. पण वाळू चिरडल्यासारखा आवाज कुठल्याच फोनमध्ये चालणार नाही. झेड फ्लिप मधल्या कोनांत स्थिर राहिला पाहिजे. ९० अंशांत टेबलावर ठेवून एक मिनिट सोडा. आपोआप मिटला किंवा उघडला तर बिजागरीचा कॅम (तिला कोनात धरून ठेवणारा भाग) झिजला आहे.

जाडी: व्हर्नियर कॅलिपरने मिटलेल्या स्थितीत दोन जागी. फोल्ड बिजागरीजवळ १७.१ मिमी, मोकळ्या कडेला १५.७ मिमी. झेड फ्लिप १७.३ आणि १५.४ मिमी. मोकळ्या कडेचा आकडा अर्ध्या मिमीपेक्षा जास्त वाढलेला असेल तर सहसा दोन कारणं: आत काही अडकलं आहे किंवा बॅटरी फुगली आहे. कॅलिपरचे जबडे स्क्रीनच्या काठाला टेकवू नका, धातूच्या चौकटीवर ठेवा.

२४ नोव्हेंबर

टच आणि रंग.

सेटिंग्जमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय सुरू करायचे आणि ‘पॉइंटर लोकेशन’ (बोट फिरेल तिथे रेषा काढून दाखवणारा पर्याय) चालू करायचं. बोटाने घडी ओलांडणाऱ्या रेषा, दर एक सेंमीवर एक, सावकाश. मग दोन तिरक्या. घडीवर रेषा तुटली किंवा उडी मारली तर टचच्या थराला तडा गेला आहे. सावकाश हा शब्द महत्त्वाचा: भराभर फिरवलेल्या बोटाच्या तुटलेल्या रेषा सॉफ्टवेअर जोडून दाखवतं आणि दोष लपतो.

रंगांसाठी पूर्ण स्क्रीनवर पांढरा, राखाडी, काळा, लाल, हिरवा, निळा. राखाडी रंग अंधाऱ्या खोलीत सर्वांत कमी उजेडावर पाहायचा. या एका पायरीत सर्वांत जास्त दोष सापडतात. घडीलगत हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ असेल तर वायरिंगचा थर तुटू लागला आहे. काठापासून किंवा घडीपासून सुरू होणारा काळा डाग असेल तर ओलेडवरचं आवरण फुटून आत दमटपणा शिरला आहे. रेघ काही दिवस तशीच राहू शकते. डाग वाढतोच. डागाच्या फोनला इतर काहीही छान असलं तरी नकार द्यायचा.

मग तीस घड्या, नेहमीच्या वेगाने. लगेच टच आणि राखाडी पुन्हा. शिवाय दोन्ही भागांतले स्पीकर, सगळे कॅमेरे, मिटल्यावर बाहेरची स्क्रीन जागी होते का ते. दोन भागांना जोडणारी लवचिक केबल बिजागरीतून जाते. ती अर्धवट तुटली असेल तर दोष कधी दिसतो, कधी नाही, आणि तीस घड्यांनंतर दिसण्याची शक्यता वाढते.

२६ नोव्हेंबर

बॅटरी. फोल्डमध्ये दोन सेल आहेत, प्रत्येक भागात एक: २,१३५ आणि २,२४५, एकूण ४,३८० मिलीअँपिअर-तास. फोनची टक्केवारी यावर भरवशाची नाही, कारण दोन सेल असमान जुने झाले तर ३० टक्क्यांवरून एकदम १० वर घसरते.

मोजायची पद्धत: यूएसबी मीटर (चार्जर आणि फोनच्या मध्ये लावायचं मोजयंत्र) लावून फोन १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत चार्ज करायचा, स्क्रीन बंद, विमान मोड. मीटरवर वॉट-तासच वाचायचे. जलद चार्जिंगमध्ये व्होल्टेज ९ वर जातं, त्यामुळे मीटरवरचे मिलीअँपिअर-तास बॅटरीच्या आकड्याशी ताडून पाहिले तर फसगत होते. गणित असं: ४.३८ × ३.८५ = सुमारे १६.९ वॉट-तास. त्याचे ८० टक्के म्हणजे १३.५. रूपांतरात १० ते १५ टक्के जातात, म्हणून नव्या बॅटरीला मीटर १५ ते १६ दाखवील. ११ दाखवले तर क्षमता सुमारे ७० टक्के उरली. त्याखाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरा, आणि दोन्ही सेल एकत्र बदला.

पाऊण तासात ही मोजणी बसत नाही. विक्रेत्याने वेळ दिला तरच करायची, नाहीतर अर्धा तास व्हिडिओ चालवून किती टक्के उतरले ते पाहायचं. रेझरला हे सोपं आहे: २,५१० मिलीअँपिअर-तास म्हणजे नवा असतानाच दिवस कसाबसा निघायचा. पाच वर्षांनंतर त्याच्याकडून दिवसभराची अपेक्षा ठेवू नका.

२९ नोव्हेंबर

थंडी. मेट एक्सबाबत कंपनीने उणे ५ अंशांखाली वापरू नका असं सांगितलं होतं. प्लॅस्टिक आणि मधला चिकट थर थंडीत कडक होतो, थर सरकत नाहीत आणि तडा जातो. तपासणीच्या पानावर एक ओळ टाकली: बाहेरून थंड आलेला फोन अर्धा तास मिटलेलाच ठेवा, मग उघडा.

२ डिसेंबर

उपयोग किती, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, म्हणून मोजमापाने उत्तर द्यायचं ठरवलं.

फोल्डची आतली स्क्रीन ७.३ इंच, २१५२ × १५३६. म्हणजे १५.१ × १०.८ सेंमी, सुमारे १६२ चौ. सेंमी. १९:९ आकाराच्या ६.४ इंची साध्या फोनची स्क्रीन सुमारे १०२ चौ. सेंमी. वाचन, नकाशा, कागदपत्रं, दोन ॲप शेजारी शेजारी यांसाठी दीडपट जागा हा मोठा फरक आहे, आणि तो खरा आहे. व्हिडिओत तो आक्रसतो: १६:९ व्हिडिओ चालवला की वर-खाली मिळून पाचवा हिस्सा काळा राहतो. वरच्या कोपऱ्यातली कॅमेऱ्यांची मोठी खाचही डोळ्यांत खुपते.

बाहेरची स्क्रीन मात्र या फोनची सर्वांत दुबळी बाजू आहे. ४.६ इंच, २१:९, रुंदी जेमतेम ४६ मिमी. कीबोर्डच्या ओळीत दहा कळा धरल्या तर प्रत्येक कळ ४.६ मिमी. ६.४ इंची फोनवर ती ७ मिमी असते. अंगठ्याने टाइप करणं जमत नाही, म्हणून माणूस दोन ओळींच्या उत्तरासाठीही फोन उघडतो. म्हणजे घड्यांची संख्या वाढते, बिजागरीत धूळ जाण्याच्या वेळाही वाढतात. दुबळी बाहेरची स्क्रीन फक्त गैरसोयीची नाही, ती आतल्या स्क्रीनचं आयुष्यही खाते. २०२० च्या झेड फोल्ड २ मध्ये ही स्क्रीन ६.२ इंच झाली, त्याचं महत्त्व यातून कळतं.

वजन २७६ ग्रॅम. एका हातात उघडा धरून पंधरा मिनिटं वाचलं की मनगटाला जाणवतं.

आडव्या घडीच्या फोनचा हिशोब वेगळा. उघडल्यावर तो साधाच फोन असतो, मिळते ती खिशातली लांबी. झेड फ्लिप उघडा १६७.३ मिमी, मिटलेला ८७.४ मिमी. ज्यांना हीच अडचण आहे त्यांना फायदा रोज मिळतो. बाकीच्यांना जाडी दुप्पट मिळते.

५ डिसेंबर

सॉफ्टवेअर. फोल्ड अँड्रॉइड ९ वर आला आणि १२ वर थांबला, सुरक्षा-अपडेट २०२३ मध्ये बंद झाले. मेट एक्सवर गूगल सेवा नाहीतच. रेझरला सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम. घेण्याआधी आपला नेटवर्क पुरवठादार ई-सिम देतो का आणि फोन कुठल्या नेटवर्कला बांधलेला तर नाही ना, हे तपासा. हे न पाहता घेतलेला रेझर फक्त वाय-फायवर चालवायची वेळ येऊ शकते.

सुरक्षा-अपडेट नसलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका, ही ओळ पत्रकात ठळक छापायची. यावर गटात चर्चा झाली, ‘खरेदीचा सल्ला देताना इतकं कडक का?’ असं एकाचं म्हणणं होतं. ठळकच राहील असं ठरलं.

९ डिसेंबर

दुरुस्ती. फोन खोलून दुरुस्ती किती सोपी ते तपासणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीच्या सोपेपणासाठी फोल्डला १० पैकी २, झेड फ्लिपला २ आणि रेझरला १ गुण दिला होता. कारण सरळ आहे: स्क्रीन बिजागरीच्या पट्ट्यांवर चिकटवलेली असते. ती सोडवताना मोडते, आणि बदलायची तर सहसा चौकट-बिजागरीसह संपूर्ण जोडच घ्यावा लागतो. हा जोड आज नवा मिळणं कठीण, आणि मिळाला तर त्याच्या किमतीत दुसरा वापरलेला फोन येतो. हीट गनने स्क्रीन सैल करण्याचा प्रयोग घरी करू नये. थरांमधला चिकट पदार्थच मऊ होतो आणि फुगा घडीपासून सगळीकडे पसरतो.

पत्रकात स्पष्ट लिहिलं: आतली स्क्रीन गेली की फोन गेला असंच धरून किंमत ठरवा.

१२ डिसेंबर

अंतिम वाटणी: आतली स्क्रीन आणि थर ४०, कडा-फटी-टोप्या २०, केबल आणि टच १५, बॅटरी १०, बिजागरीची यांत्रिक स्थिती १०, सॉफ्टवेअर ५. सॉफ्टवेअरचे गुण कमी, कारण ते सगळ्यांचंच संपलं आहे, त्यावरून निवड होत नाही.

थेट नकाराची कारणं, गुण न मोजता: काळा डाग, घडीलगत रंगीत रेघ, टचची तुटलेली रेषा, वाळूचा आवाज, टोपी गायब, मोकळ्या कडेची वाढलेली जाडी.

१५ डिसेंबर

निष्कर्षाचा परिच्छेद दोनदा लिहून खोडला. तिसऱ्यांदा असा राहिला:

रोजचा एकमेव फोन म्हणून पहिल्या पिढीतला एकही घेऊ नये. दुसरा फोन म्हणून, वाचनासाठी किंवा मोठ्या-छोट्या स्क्रीनवर ॲप कसं बदलतं हे तपासण्यासाठी घ्यायचा असेल तर गॅलेक्सी फोल्ड घ्यावा, वरच्या सर्व कसोट्या पार झाल्या तरच. टिकाऊपणात या चौघांत झेड फ्लिप पुढे आहे, कारण काच. मेट एक्सची स्क्रीन सर्वांत देखणी, पण उघड्या प्लॅस्टिकमुळे बिनओरखड्याचा नमुना क्वचितच सापडेल. रेझर घेऊ नये.

एकाने सुचवलं की झेड फ्लिपच्या काचेवर ओरखडे लवकर पडतात, मग ती काच कशी? उत्तर पत्रकात जोडलं: ओरखडा वरच्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर पडतो, काच तिच्याखाली आहे. नखाची खूण उठते म्हणून काच खोटी ठरत नाही. मात्र साध्या फोनच्या काचेसारखं वागवूनही चालणार नाही.

१८ डिसेंबर

पत्रक नव्या प्रकारच्या फोनांना लावता येईल का, असा प्रश्न आला. तीन भागांत घडी होणारे फोन (हुआवे मेट एक्सटी, सप्टेंबर २०२४) हीसुद्धा एक पहिलीच पिढी आहे: उघडल्यावर १०.२ इंच, सर्वांत पातळ जागी ३.६ मिमी, एक घडी आत आणि एक बाहेर. म्हणजे फोल्डचा आणि मेट एक्सचा, दोघांचेही दुबळे मुद्दे एकाच फोनमध्ये तपासावे लागतील, आणि बिजागऱ्या दोन.

धुळीपासून संरक्षणाचा इतिहास इथे उपयोगी आहे. २०१९ च्या फोल्डला पाणी-धुळीचं मानांकन नव्हतं. २०२१ च्या झेड फोल्ड ३ ला आयपीएक्स८ मिळालं. त्यातला ‘एक्स’ म्हणजे धुळीचं मोजमापच नाही. २०२४ च्या झेड फोल्ड ६ ला आयपी४८. त्यातला ४ म्हणजे १ मिमी किंवा मोठे कण अडतात, बारीक धूळ नाही. धूळ पूर्ण अडवणारं आयपी६८ घडीच्या फोनमध्ये २०२५ च्या पिक्सेल १० प्रो फोल्डने आणलं. पहिल्या फोल्डपासून इथवर यायला सहा वर्षं लागली. नवा प्रकार घेताना मानांकनातला पहिला आकडा पाहा. दुसरा पाण्याचा, तो बहुतेकांचा चांगला असतो.

२२ डिसेंबर

पत्रकाची तिसरी आवृत्ती छापायला दिली. साठवणीची सूचना राहून गेली होती, ती शेवटच्या रकान्यात घातली: फोन आठवड्याहून जास्त काळ वापरायचा नसेल तर उघडून, स्क्रीन वर करून, ५० टक्के चार्जवर, कापडाखाली ठेवा. मिटलेल्या स्थितीत महिनाभर पडून राहिला की मधला मऊ थर त्याच आकारात स्थिरावतो आणि घडीची रेषा खोल होते. उघडल्यावर ती काही तासांत थोडी भरून येते, पूर्ण नाही. म्हणून तपासायला आलेला फोन विक्रेत्याकडे बराच काळ मिटून पडला होता का, हे विचारून घ्या, आणि तसं असेल तर घडीच्या खोलीचा रकाना दुसऱ्या दिवशी भरा.